नातवंडांसाठी मल्टिव्हिटॅमिन निवडताना

दहावी-बारावीचे वर्ष सुरू झाले की एक प्रश्न दवाखान्यात हमखास येतो. स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी नव्याने लिहून झाली, की आजी किंवा आजोबा खुर्ची थोडी पुढे ओढून विचारतात, "डॉक्टर, नातीसाठी ताकदीची एखादी चांगली गोळी लिहून देता का? फार थकते हो ती." आई-वडील दोघेही नोकरीला जातात आणि मुलांच्या खाण्यापिण्याकडे दिवसभर आपलेच लक्ष असते. त्यामुळे हा प्रश्न आपण विचारावा हे अगदी स्वाभाविक आहे. मात्र त्याचे उत्तर एका गोळीच्या नावाने देता येत नाही. तेरा ते अठरा या वयातील मुलामुलींना मल्टिव्हिटॅमिनची गरज केव्हा असते, ती कशी निवडावी आणि केव्हा ती देऊच नये, याचा विचार या लेखात करू.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. जीवनसत्त्वांतून शक्ती मिळत नाही. शक्ती मिळते ती भात, पोळी, भाकरी, डाळ, तेल-तूप यांतून. त्या अन्नाचे शक्तीत, रक्तात, हाडांत रूपांतर करण्याच्या कामी जीवनसत्त्वे आणि खनिजे अल्प प्रमाणात लागतात. मनुष्याला आवश्यक असलेली जीवनसत्त्वे एकूण १३ आहेत. त्यांपैकी अ, ड, ई आणि के ही चार चरबीत विरघळतात व शरीरात साठून राहू शकतात. ब गटातील आठ आणि क ही पाण्यात विरघळतात, त्यांचा जादा भाग बहुतांशी लघवीवाटे निघून जातो. जे कमी पडले आहे ते भरून काढले तर फरक दिसतो. जे पुरेसे आहे त्यात आणखी भर घातल्याने मुलाची उंची, गुण किंवा स्मरणशक्ती वाढत नाही.

या वयात काय कमी पडते?

पौगंडावस्थेत शरीर झपाट्याने वाढते. रक्ताचे प्रमाण वाढते, स्नायू भरतात, हाडे लांब आणि घट्ट होतात. मुलींमध्ये पाळी सुरू होते आणि दर महिन्याला लोह शरीराबाहेर जाऊ लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलीला दिवसाला ३२ मिलिग्रॅम आणि त्याच वयाच्या मुलाला २६ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे. प्रौढ पुरुषाला १९ मिलिग्रॅम पुरते. म्हणजे घरात लोहाची सर्वाधिक गरज बहुधा त्या शाळकरी मुलीला असते, आणि ताटात मागून वाढून घेणारीही पुष्कळदा तीच असते.

कॅल्शियमचेही तसेच आहे. या वयात रोज सुमारे १००० ते १०५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. हाडांची जी घनता माणूस कमावतो, तिचा फार मोठा हिस्सा विशीच्या आत तयार होतो. उतारवयात मनगट किंवा खुबा मोडण्याचे दुःख आपल्यापैकी काहींनी स्वतः सोसले असेल. नातीच्या सत्तरीतील हाडे कशी असतील, याची तयारी तिच्या पंधराव्या वर्षी चाललेली असते.

प्रत्यक्षात किती मुलांना कमतरता असते, याचे आकडे बोलके आहेत. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींना आणि ३१.१ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ या वयोगटातील सुमारे ३७ टक्के मुलांत फॉलेटची, ३१ टक्क्यांत ब-१२ ची आणि २४ टक्क्यांत ड जीवनसत्त्वाची कमतरता दिसली. तेव्हा कमतरता ही काल्पनिक गोष्ट नाही. परंतु प्रत्येक मुलात ती वेगवेगळ्या घटकाची असते. शाकाहारी घरातील, दूध न आवडणाऱ्या मुलाला ब-१२ कमी पडेल. सकाळपासून रात्रीपर्यंत शाळा आणि क्लासच्या चार भिंतींत असणाऱ्याला ड कमी पडेल. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या मुलीला लोह कमी पडेल. सगळ्यांना एकच गोळी दिली, तर तिच्यात नेमका हवा तो घटक पुरेसा असेलच असे नाही.

गोळीआधी विचारायचे प्रश्न

मूल थकते असे दिसले की पुढील गोष्टींची शांतपणे चौकशी करावी. सकाळी काही खाऊन बाहेर पडते का? डबा पूर्ण संपतो का? रात्री किती वाजता झोपते? या वयात आठ ते दहा तास झोप लागते. एक वाजेपर्यंत मोबाईल आणि सहाला उठणे असा क्रम असेल, तर कोणतीही गोळी तो थकवा घालवू शकणार नाही. वजन कमी करण्यासाठी मुलगी जेवण टाळते का? माती, खडू किंवा बर्फ खावासा वाटतो का? हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. हातापायांना मुंग्या येणे, तोंड वारंवार येणे, बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडणे, ही ब-१२ कमी असल्याची खूण असू शकते.

आणि मुलगी असेल तर पाळीबद्दल विचारावे. एका घरातील गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. सोळा वर्षांची मुलगी, अभ्यासात हुशार, पण दोन जिने चढली की धापा टाकायची. आजोबांसाठी आणलेल्या ज्येष्ठांच्या मल्टिव्हिटॅमिनमधील एक गोळी तिला चार महिने रोज दिली जात होती. डबीवर मोठ्या अक्षरांत ताकदीची ग्वाही होती. मागे बारीक अक्षरांतील घटकांच्या यादीत लोह नव्हतेच. तपासले तेव्हा तिचे हिमोग्लोबिन ७.६ होते. प्रश्न विचारल्यावर ती गप्प राहिली. मग आजी तिला शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या आणि पाच मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाल्या, "डॉक्टर, दर महिन्याला नऊ-नऊ दिवस जाते तिला. दोनदा शाळेत कपडे खराब झाले, म्हणून त्या दिवसांत ती पाणीसुद्धा पीत नाही." हे तिने आईला सांगितले नव्हते, मैत्रिणींना सांगितले नव्हते. पुढे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून जादा रक्तस्रावाचा उपचार झाला, लोहाच्या गोळ्या काही महिने चालल्या आणि हिमोग्लोबिन बाराच्या वर गेले. या साऱ्यात मल्टिव्हिटॅमिनचा काही उपयोग झाला नाही. आजींनी विचारलेल्या एका प्रश्नाचा मात्र फार झाला.

पंधरा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि मुलाचे १३ च्या खाली असेल, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. १२ ते १४ वर्षांच्या मुलामुलींसाठी ही सीमा १२ आहे. रक्तक्षयावर मल्टिव्हिटॅमिन हा उपचार नव्हे. उपचाराच्या गोळीत पुष्कळदा ६० ते १०० मिलिग्रॅम लोह असते, तर मल्टिव्हिटॅमिनच्या अनेक गोळ्यांत त्याच्या निम्मेही नसते. शिवाय रक्तक्षयाचे कारण जंत, जादा रक्तस्राव, ब-१२ ची उणीव किंवा थॅलेसेमियासारखा आनुवंशिक दोष, यांपैकी काहीही असू शकते. कारण शोधणे हे पहिले काम आहे. त्यासाठी दहा-पंधरा हजारांच्या तपासण्यांचे पॅकेज लागत नाही. रक्ताची साधी तपासणी आणि डॉक्टरांना गरज वाटली तर आणखी एक-दोन चाचण्या पुरतात.

आपली गोळी नातवंडांना नको

वरील घरात जे घडले ते अनेक घरांत घडते. "मला मानवते, मग तिला का नाही?" असा सरळ विचार त्यामागे असतो. परंतु ज्येष्ठांसाठी बनवलेल्या गोळ्यांत लोह पुष्कळदा मुद्दाम वगळलेले असते, कारण त्या वयात त्याची गरज घटते. म्हणजे नातीला जे सर्वांत जास्त हवे, तेच त्यात नसते.

ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या किंवा कॅप्सूल बाबत विशेष सावध राहावे. त्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सहसा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायच्या असतात. रोजची गरज केवळ ६०० युनिटची आहे. गैरसमजातून ही पुडी कोणी रोज घेऊ लागले, तर रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, वारंवार लघवी असे त्रास सुरू होतात आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आपल्या कपाटातील अशी पुडी "हाडे मजबूत होतील" म्हणून नातवाला देऊ नये.

भूक वाढवणाऱ्या सिरपांविषयीही सांगायला हवे. त्यांपैकी काहींत सायप्रोहेप्टाडीन हे ॲलर्जीवरचे औषध असते. त्याने भूक वाढते खरी, पण झोपही येते. परीक्षेच्या काळात ते देऊन मूल वर्गात पेंगत असेल तर दोष मुलाचा नव्हे. असे सिरप डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून आणू नये.

डबी कशी वाचावी?

चौकशी झाली, आहार अपुरा आहे हे दिसले आणि डॉक्टरांनीही गोळी द्यायला हरकत नाही असे सांगितले, तर निवड करताना चष्मा लावून डबीची मागची बाजू वाचावी. पुढच्या बाजूवरचे चित्र आणि वचने बाजूला ठेवावीत.

पहिली गोष्ट, ती वस्तू औषध आहे की अन्नपूरक. अन्नपूरकावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो आणि ते औषधी उपयोगासाठी नसल्याचे छापलेले असते. त्याच डबीवर रोग बरा करण्याचा दावा असेल, तर ती परत ठेवावी.

दुसरी, वयोगट. लहान मुलांच्या गमी आणि प्रौढांच्या गोळ्या यांच्यामध्ये किशोरवय सापडते. १३ ते १८ वयासाठी असा स्पष्ट उल्लेख असलेले किंवा डॉक्टरांनी त्या वयासाठी सुचवलेले उत्पादनच घ्यावे.

तिसरी, प्रमाण. प्रत्येक घटकासमोर रोजच्या गरजेच्या किती टक्के, हे लिहिलेले असते. बहुतेक घटक ५० ते १०० टक्क्यांच्या आसपास असलेली साधी गोळी पुरेशी आहे. हजारो टक्के लिहिलेली गोळी अधिक चांगली नव्हे. आकडे एका गोळीचे आहेत की दोन किंवा तीन गोळ्यांचे, हेही पाहावे. ड जीवनसत्त्व कधी युनिटमध्ये तर कधी मायक्रोग्रॅममध्ये लिहितात. ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम, हे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही.

चौथी, लोह आणि कॅल्शियम. लोहाच्या क्षाराचे वजन आणि त्यातील प्रत्यक्ष लोह यांत फरक असतो. प्रत्यक्ष लोह किती, तो आकडा शोधावा. बहुतेक गमींमध्ये लोह नसतेच, कारण त्याची चव लपवता येत नाही. त्यांत साखर मात्र असते. कॅल्शियमची पूर्ण गरज एका छोट्या गोळीत मावत नाही, त्यामुळे "कॅल्शियमयुक्त" असे लिहिले म्हणून दूध बंद करू नये.

पाचवी, अ जीवनसत्त्व. ते शरीरात साठते आणि जादा झाल्यास यकृताला व हाडांना अपाय करते. कॉड लिव्हर ऑइलची कॅप्सूल आणि मल्टिव्हिटॅमिन दोन्ही चालू असतील, तर दोहोंतील अ जीवनसत्त्वाची बेरीज करून डॉक्टरांना दाखवावी.

सहावी, बायोटिन. केसांसाठी म्हणून मुली हल्ली त्याच्या गमी खातात. मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइडसह काही रक्ततपासण्यांचे निकाल चुकीचे येऊ शकतात. तपासणीआधी हे डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला आवर्जून सांगावे.

महागडी डबी अधिक गुणकारी असते, असे समजण्याचे कारण नाही. साध्या गोळ्यांत तीच जीवनसत्त्वे असतात. उरलेल्या पैशांत अंडी, फळे आणि दाणे येतात.

चालू औषधांशी मेळ

मुरुमांसाठी मुलगा किंवा मुलगी आयसोट्रेटिनॉइन घेत असेल, तर अ जीवनसत्त्व असलेली गोळी देऊ नये. हे औषध मुळात त्याच जीवनसत्त्वाच्या कुळातले आहे आणि दोन्ही मिळून विषबाधेसारखी लक्षणे निर्माण होऊ शकतात. मुरुमांसाठीच डॉक्सिसायक्लिन चालू असेल, तर लोह व कॅल्शियम त्याच्या शोषणात अडथळा आणतात. थायरॉइडची गोळी आणि लोह-कॅल्शियम यांच्यात किमान चार तासांचे अंतर हवे. अपस्माराची काही औषधे ड जीवनसत्त्व कमी करतात, अशा मुलांना वेगळ्या सल्ल्याची गरज असते. मूत्रपिंडाचा विकार, मुतखडा किंवा थॅलेसेमिया असेल, तर स्वतःच्या मनाने काहीच सुरू करू नये.

शाळेतून मिळणाऱ्या निळ्या गोळीचीही चौकशी करावी. १० ते १९ वयोगटासाठी शासनाच्या योजनेत आठवड्यातून एकदा ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी दिली जाते आणि वर्षातून दोनदा जंताचे औषध. पुष्कळ मुले मळमळेल या भीतीने ती दप्तरातच ठेवतात. जेवणानंतर घेतली तर हा त्रास कमी होतो. ही विनामूल्य गोळी अनेक महागड्या डब्यांहून उपयोगी आहे.

कशी आणि किती दिवस?

मल्टिव्हिटॅमिन जेवणानंतर द्यावे. जेवणातील तेल-तुपामुळे अ, ड, ई, के यांचे शोषण नीट होते. लोह असलेली गोळी चहा, कॉफी किंवा दुधाबरोबर देऊ नये, दोहोंत दीड-दोन तासांचे अंतर ठेवावे. लिंबूपाण्याबरोबर ती उत्तम. कॅल्शियमची वेगळी गोळी असेल तर ती दुसऱ्या जेवणानंतर द्यावी. लघवी गडद पिवळी होते ती ब-२ मुळे, आणि लोहामुळे शौचास काळे होते. या दोन्हींची काळजी नसावी. तीन महिन्यांनी डॉक्टरांना पुन्हा विचारावे. वर्षानुवर्षे तशीच चालू ठेवण्याची ही वस्तू नाही.

घरात लहान मूल असेल तर लोहाच्या गोळ्या आणि गमी कुलपात ठेवाव्यात. गोड गोळी समजून लहान मुलाने मूठभर लोहाच्या गोळ्या गिळल्या, तर ते जिवावर बेतू शकते. असे घडल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि रिकामी डबी सोबत न्यावी.

ताटातली तयारी

आहाराचा भाग बव्हंशी आपल्या हाती आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आठवड्यातून तीन-चारदा नाचणीची भाकरी, आंबील किंवा धिरडे सहज होते. तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, राजगिऱ्याचा पाला हेही कॅल्शियमचे चांगले स्रोत आहेत. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळले, सोबत पेरूची फोड दिली, तर कडधान्यातील लोह अधिक शोषले जाते. भाजी लोखंडी कढईत करावी. जेवणालगतचा चहा मुलांना देऊ नये.

ब-१२ मात्र पालेभाजीत किंवा मोडाच्या कडधान्यात नसते. ते दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. शाकाहारी मुलाला रोज दूध आणि दही मिळून निदान दोन-तीन वाट्या मिळतील असे पाहावे. दूधही पूर्ण वर्ज्य असेल, तर ब-१२ ची गोळी ही चैन नसून गरज आहे. ड जीवनसत्त्वासाठी हातपाय उघडे ठेवून, उन्हात मैदानी खेळ खेळणे हे अजूनही सर्वांत स्वस्त औषध आहे.

डॉक्टरांकडे जाताना घरात मुलासाठी चालू असलेली प्रत्येक डबी, पुडी, प्रथिनांची पावडर, काढा आणि केसांची गमी एका पिशवीत घालून न्यावी. मुलाला किंवा मुलीला सोबत न्यावे, तिच्या वतीने आपणच सगळे सांगून टाकू नये. आणि तिला डॉक्टरांशी एकटीने बोलायचे असेल, तर आपण दोन मिनिटे बाहेरच्या बाकावर बसावे. थकव्याचे खरे कारण पुष्कळदा त्या दोन मिनिटांत कळते, आणि मग कोणती गोळी द्यायची, किंवा द्यायचीच नाही, हे ठरवणे सोपे जाते.